अनुवादकाचा पत्ता

४ मे

भावजी,

सुखरूप पोचलो एवढं लेकीने तुम्हाला फोनवर सांगितलंच असेल. बाकीचं मी लिहिते. मी कागदावर लिहायचं आणि तिने त्याचा फोटो काढून तुम्हाला पाठवायचा, असं आमचं ठरलंय. तुम्हाला दोन बोटांनी अक्षर मोठं करून वाचता येईल आणि मला त्या एवढ्याशा पडद्यावर टकटक करत बसायला नको.

बूट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत. आठच्या ठोक्याला खालून त्याची हातोडी सुरू होते. पहिल्या सकाळी मी अर्धवट झोपेत उठून बसले, वाटलं हे छापखान्यात अक्षरांचे खिळे ठोकून बसवतायत. मग आठवलं की हे जाऊन पाच वर्षं झाली आणि छापखान्याच्या जागी आता झेरॉक्सचं दुकान आहे.

लोक परदेशात येऊन राजवाडे बघतात. तुमची पुतणी मला पुस्तकांची दुकानं दाखवत फिरवतेय. तुम्हीच लावलेलं वेड, आता भोगतेय मी. चार दिवसांत सहा दुकानं झाली. एका दुकानात भिंतभर रुळावर सरकणारी शिडी आहे आणि मालक त्या शिडीवरच बसलेला असतो. गिऱ्हाइकाने खालून विचारायचं, त्याने वरून उत्तर द्यायचं. उतरायचा कंटाळा! दुसरं एक दुकान जुन्या तबेल्यात आहे. घोड्यांच्या गव्हाणीत कादंबऱ्या ओतून ठेवल्यात, आणि घोडे बांधायच्या कड्यांना कापडी पिशव्या टांगल्यात. मला एक अक्षर वाचता येत नाही, तरी तासभर कुठे जातो कळत नाही. काल एक जाडजूड पुस्तक उघडून मी त्याची शिलाई बघितली, पाठ वाकवून बघितली, वास घेतला. लेक म्हणते, "आई, लोक बघतायत." म्हटलं, बघू देत. पंचवीस वर्षं छापील कागदांच्या घड्या घालून फर्मे मोडलेत मी. आतली शिलाई बघितल्याशिवाय माझ्या हातून पुस्तक खाली ठेवलं जात नाही.

तुम्ही यायला हवं होतं. लेक किती मागे लागली होती. तुम्ही गुडघ्यांचं कारण सांगितलंत, मीही जास्त ताणलं नाही.

औषधं वेळेवर घ्या. डबेवाल्या बाईंना भाजी तिखट करू नका म्हणून सांगून आलेय, पण तुम्ही परत सांगा.

वहिनी

६ मे

वहिनी,

फोटो मिळाला. तुमचं अक्षर मोठं करून वाचताना शेजारच्या माणसाच्या खांद्यावरून त्याचं पत्र चोरून वाचल्यासारखं वाटलं, पण मजा आली. शिडीवरच्या मालकाला माझा नमस्कार सांगा. बत्तीस वर्षं शाळेत मला असंच उंचावर बसायला मिळालं असतं तर घसा तरी वाचला असता.

गुडघ्यांचं म्हणाल, तर गुडघे खरेच दुखतात. पण तेवढंच कारण नव्हतं हे तुम्हालाही माहीत असणार. त्या लेखिकाबाई तुम्ही आहात त्याच गावच्या. सदतीस वर्षांपूर्वी मी त्यांची ती नावाडिणीची कादंबरी मराठीत आणली. दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती भाषा शिकलो होतो, तेव्हा कुठे ते जमलं. दादाने ती आपल्या छापखान्यात छापली, फर्मे तुम्ही मोडलेत, प्रुफं मी बघितली. निळ्या कव्हराची पहिली प्रत हातात आली तेव्हा मला वाटलं होतं, आता जन्मभर हेच करायचं. एक प्रत छापखान्याच्या पत्त्यावरून बाईंना पाठवली, सोबत त्यांच्या भाषेत चार पानी पत्र लिहिलं. साधी पोचसुद्धा आली नाही. मी समजायचं ते समजलो. कुणीतरी त्यांना वाचून दाखवलं असेल आणि त्यांनी तोंड वाकडं केलं असेल. पुढे मी अनुवादाला हात लावला नाही. मुलांना व्याकरण शिकवलं, त्यात कुणाच्या पोचेची वाट बघावी लागत नाही.

असो. एक काम सांगतो. माझी मूळ प्रत वाळवीने खाल्ली, त्यालाही आता वीस वर्षं झाली. एखाद्या दुकानात जुनी प्रत मिळाली तर आणा. बाईंची चौकशी करू नका. फक्त पुस्तक आणा.

इकडे पंचवीस तारखेला शाळेच्या ग्रंथालयात दादाच्या नावाचं कपाट ठेवतायत. दादाने छापलेली एकूण एक पुस्तकं आणि माझ्याकडची चारशे, सगळी त्यात जातील. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, वीस मिनिटं बोला. भाषण लिहायला घेतलंय. सुरुवात अशी केलीय: 'माझ्या भावाने माझ्यापासून कधी काही लपवलं नाही, अगदी तोट्याचा हिशेबसुद्धा नाही.' बरी वाटते का, कळवा.

तुमचा दीर

११ मे

भावजी,

उत्तराला उशीर झाला. पायाला फोड आला होता, इथले रस्ते सगळे दगडी. आता बरा आहे.

तुमचं पुस्तक चार दुकानांत विचारलं. कुणाला माहीत नाही. बाईंचं नावही कुणी ऐकलेलं दिसलं नाही. जुनी गोष्ट आहे, माणसं विसरतात. तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका. उरलेल्या दिवसांत बागा आणि समुद्र बघावा असं मी लेकीला सुचवलंय. दुकानं आता पुष्कळ झाली, धुळीने मला शिंका येतात.

भाषणाची सुरुवात जरा जड वाटते. लपवण्याबिपवण्याचं कशाला? यांच्या कष्टांपासून सुरू करा. पहाटे उठून शाई कालवायचे, हात कधी स्वच्छ दिसले नाहीत, लग्नातल्या फोटोतसुद्धा नखं काळी आहेत, ते सांगा. मुलांना आवडेल.

हवा छान आहे. झाडांना पांढरी फुलं आलीत.

वहिनी

१३ मे

वहिनी,

पंचवीस वर्षं फर्म्यांच्या धुळीत काढली तेव्हा शिंकलेलं ऐकलं नव्हतं कधी. वय झालं आपलं, दुसरं काय.

काल पोरीचा फोन आला होता. पुस्तकाचं म्हटलं तर तिला ठाऊकच नाही. "आई कधी विचारायला गेली, काका?" असं मलाच विचारते. तुम्ही तिला न सांगता, खाणाखुणा करून चार दुकानांत विचारलंत, हे ऐकून मला भरून आलं. माझी ही जुनी जखम तिच्यापुढे उघडी पडू नये म्हणूनच ना? पण तेवढं जपायची आता गरज नाही. मी तिला बाईंचं आणि पुस्तकाचं नाव सांगितलंय. ती म्हणाली, आता बघच.

भाषणाचं पहिलं वाक्य मात्र मी बदलणार नाही. नखांचं घालतो, ते झकास आहे.

तुमचा दीर

१७ मे

भावजी,

हे पत्र मी तीनदा फाडलं. लेक म्हणते, "आज तू लिहिलं नाहीस तर मी फोन करून सांगते." म्हणून लिहितेय.

पहिलं हे, की मी एकाही दुकानात विचारलं नव्हतं. तुमच्यासाठी खाणाखुणा करत हिंडले असं तुम्ही समजलात, ते वाचून मला दिवसभर अन्न गेलं नाही.

परवा लेकीने शिडीवाल्याला बाईंचं नाव सांगितलं. तो चक्क खाली उतरला. बाहेर येऊन त्याने रस्ता दाखवला. कालव्याच्या कडेला एक अरुंद गल्ली आहे, दोन पायऱ्या खाली उतरून एक दुकान. मी म्हटलं, माझे पाय दुखतायत, मी बाहेर थांबते. लेकीने ऐकलं नाही.

आत पन्नाशीच्या एक बाई होत्या. कपाळावर चढवलेला चष्मा, अंगात खिशांचा झगा, इंग्रजी चांगलं. लेकीने पुस्तक मागितलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही तिच्याच दुकानात उभ्या आहात." भावजी, हे दुकान लेखिकाबाईंचं होतं. त्या दोन हिवाळ्यांपूर्वी गेल्या. या दुकानवाल्या बाईंनी त्यांच्याबरोबर बावीस वर्षं काम केलं, आता त्याच सांभाळतात.

लेक म्हणाली, "माझ्या काकांनी ही कादंबरी आमच्या भाषेत आणली होती." त्या बाई तशाच स्टुलावर बसल्या. मग विचारतात, "ते आहेत?"

"आहेत की! त्यांनीच मला वाचायला शिकवलं," लेक म्हणाली.

बाई उठल्या आणि गल्ल्यामागच्या फळीवरून एक पुस्तक काढून आणलं. निळं. आपलं. कव्हराचा रंग उडालाय, पण शिलाई एक धागा हललेली नाही. त्यांनी सांगितलं की पुस्तक आलं तेव्हा लेखिकाबाई गावातल्या विद्यापीठात गेल्या, मराठी येणारा एक विद्यार्थी शोधून काढला आणि त्याला दुकानात बसवून पंधरा दिवस मोठ्याने वाचायला लावलं. अर्थ कळत नव्हता, नुसता आवाज ऐकत बसायच्या. मध्येच त्याला थांबवून विचारायच्या, इथे नदीचं पाणी वाढतं ना? तो म्हणायचा, हो. म्हणायच्या, "मला ऐकू आलं."

आणि त्यांनी तुम्हाला पत्र लिहिलं होतं, भावजी. प्रकाशकाच्या पत्त्यावर. तुम्हाला सहा महिन्यांसाठी बोलावलं होतं. दुकानाच्या वर एक खोली आहे, तिथे राहायचं आणि त्यांच्या पुढच्या कादंबरीचं काम करायचं. त्या खोलीत तुमच्यासाठी टेबल आणून ठेवलं होतं. दुकानवालीने आम्हाला वर नेऊन दाखवलं. खिडकीतून कालवा दिसतो. पुढे दुसऱ्या भाषांचे कितीतरी लोक तिथे राहून गेले, पण ते टेबल पहिल्यांदा आणलं ते तुमच्यासाठी. लेखिकाबाई म्हणायच्या, "माझं इतकं नीट वाचणारं माणूस एकच भेटलं आणि तेच हरवलं."

हरवलं, कारण आपल्याकडून उत्तर गेलं होतं. ते उत्तर त्या निळ्या पुस्तकातच घडी करून ठेवलेलं होतं. इंग्रजीत दोन ओळी. अनुवादक आता आमच्याकडे नाहीत. त्यांचा पत्ता उपलब्ध नाही.

लेकीने कागद उजेडात धरला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, हे अक्षर तुझं आहे."

माझंच आहे. यांचं इंग्रजी जेमतेम होतं, बाहेरची पत्रं मीच लिहायची हे तुम्हाला ठाऊक आहे. यांनी सांगितलं, मी लिहिलं. तेव्हा आई अर्धांगवायूने अंथरुणावर, मला सातवा महिना, छापखान्याला जेमतेम दीड वर्ष झालेलं. तुम्ही गेलात तर परत येणार नाही असं यांच्या मनाने घेतलं. मी काय बोलणार होते?

तुम्हाला हवी होती ती मूळ भाषेतली प्रत मिळाली आहे. दुकानवालीने भेट दिली. मला ती हातात घेववत नाही, लेकीच्या बॅगेत ठेवली आहे.

वहिनी

१८ मे

वहिनी,

पत्र वाचलं.

सकाळी शाळेत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं की पंचविसाला मी बोलणार नाही. पुस्तकं ठेवा, पण कपाटावर नावाची पाटी नको. त्या कारण विचारत होत्या. म्हटलं, घरगुती आहे.

बाहेरच्या खोलीतला दादाचा फोटो काढून माळ्यावर टाकला.

तेहतीस वर्षं त्या माणसाच्या शेजारी बसून काम केलं. तो रोज माझ्याशी जेवताना बोलत होता. बाईंनी उत्तर दिलं नाही म्हणून मी तोंड पाडून बसलो होतो, तेव्हा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला होता, "जाऊ दे रे, मोठ्या लोकांना वेळ नसतो." तोच हात.

तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही सांगितलेलं काम केलंत. त्या घरात तुमचं चालत होतं किती?

पुन्हा या विषयावर लिहू नका.

दीर

२० मे

भावजी,

लिहू नका म्हणालात तरी लिहितेय. यांचा फोटो माळ्यावरून काढा. आजच काढा आणि मग पुढचं वाचा.

मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. गेलेला माणूस काही बोलायला येत नाही, म्हणून सगळं त्याच्या अंगावर टाकलं.

त्या दिवशी दुपारी टपाल आलं. लेखिकाबाईंनी तुम्हाला त्यांच्या भाषेत लांबलचक लिहिलं होतं आणि वर प्रकाशकासाठी इंग्रजीत सहा ओळी. हे पत्र घेऊन आत आले, म्हणाले, "वाच बघू, शिक्का त्या गावचा दिसतोय." मी वाचत गेले तसे हे उठून उभे राहिले. दोन्ही हात शाईने बरबटलेले, ते हवेत धरून म्हणाले, "अगं, त्याला बोलावलंय! राहायला घर देतायत! शाळा सुटायला किती वाजतात?" असे निघाले होते, चपला घालून. तुम्हाला शाळेतच जाऊन सांगणार होते.

मी म्हटलं, "आणि आईंना उचलायचं कोणी?"

"मी उचलीन."

"तुमची पाठ? मागच्या महिन्यात तीन दिवस पडून होतात. आणि मला सातवा आहे. भावजी सकाळ-संध्याकाळ उचलतात म्हणून आईंचं अंग कोरडं आहे. ते गेले तर महिन्याभरात आईंच्या पाठीला जखमा होतील."

"माणूस ठेवू."

"कुठून?"

हे चपला काढून बसले. तरी म्हणाले, "पत्र त्याच्या नावाचं आहे. त्याला देऊ, तो काय ते ठरवेल."

मी रडले. दोन दिवस जेवले नाही. माहेरी निघून जाईन म्हणाले, बाळंतपण तिकडेच करीन आणि परत येणार नाही म्हणाले. तुम्ही तेव्हा मला विचारत होतात, "वहिनी, डॉक्टरांना बोलावू का?" आणि माझ्यासाठी लिंबाचं सरबत करून आणलं होतंत. ते मी प्यायले.

तिसऱ्या दिवशी यांनी कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "तूच लिही. माझ्या हाताने होणार नाही." ते शब्द माझे आहेत, भावजी. पत्ता उपलब्ध नाही, हे मला सुचलं. सहीसुद्धा मीच केली. तुमचं पत्र फाडून छपाईच्या रद्दीत टाकलं, तेही मीच.

मला खरंच वाटलं होतं की थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. आई पुढे आठ वर्षं होत्या. त्या गेल्यावर बाराव्या-तेराव्याला हे म्हणाले, "आता त्याला सांगूया." मी म्हटलं, आता काय उपयोग, उगाच त्रास होईल. पुढे तुम्ही निवृत्त झालात तेव्हा परत म्हणाले. मी तेच उत्तर दिलं. त्रास तुम्हाला होईल म्हणून नव्हे. तुम्ही माझ्याकडे कसं बघाल, त्याची मला भीती होती. दर वेळी तुम्ही ताटावर बसून "वहिनी, वाढा" म्हणायचात आणि मला वाटायचं, आज नको.

यांच्या शेवटच्या आठवड्यात हे दोनदा म्हणाले, "त्याला बोलाव, मला त्याच्याशी एकट्याशी बोलायचंय." तुम्ही आलात. मी खोलीतून हलले नाही. सलाईन बघायचं निमित्त केलं, चादर सारखी केली, पण हलले नाही.

लेकीलाही हे सगळं काल सांगितलं. ती माझ्याशी कामापुरतं बोलतेय. तिच्या जन्मासाठी तुमचं आयुष्य अडवलं असं तिला वाटतंय, आणि ते वाटणंही मीच तिच्या गळ्यात घातलंय.

यांच्या नावाची पाटी काढू नका. माझं काय करायचं ते करा.

वहिनी

२३ मे

भावजी,

लेक म्हणते तुम्ही पत्र उघडलंय, तशी खूण दिसते. उत्तराची घाई नाही. हे फक्त एक पोचवायचं म्हणून.

काल त्या दुकानवालीकडे मी एकटी आत गेले. लेक दाराबाहेर थांबली होती, पण बोलले मीच, माझ्या मोडक्या इंग्रजीत. ते दोन ओळींचं उत्तर मी लिहिलं आणि का लिहिलं, ते सांगितलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून गल्ल्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "ती विचारायची, तिथे त्याला कुणी दुखावलं तर नसेल ना? निदान तुम्हाला त्याची गरज होती, हे कळलं असतं तर तिला बरं वाटलं असतं." मला खुर्ची दिली. मला ती नको होती, पण बसले.

लेखिकाबाई टाइप करायच्या आणि प्रत्येक पत्राची कार्बन प्रत ठेवायच्या. आम्ही पहिल्यांदा गेलो त्यानंतर दुकानवालीने वरच्या खोलीतली खोकी दोन दिवस उपसून तुमच्या पत्राची प्रत शोधून ठेवली होती. पाच पानं आहेत. त्या मला इंग्रजीत सांगायला लागल्या तेव्हा मी हात जोडून थांबवलं. तुमच्या आधी मी ते एकदा उघडलंय. पुन्हा नाही. लेकीलाही वाचू दिलेलं नाही.

पाचही पानांचे फोटो सोबत पाठवतेय. आम्ही तीस तारखेला निघतो.

वहिनी

२६ मे

वहिनी,

दादाचा फोटो परत जागेवर लावला. काच तडकली आहे, बदलून घेईन. शाळेत जाऊन पाटीचंही सांगितलं. मुख्याध्यापिकाबाईंनी ती टेबलाच्या खणात ठेवूनच दिली होती, म्हणाल्या, "सर, मला वाटलंच होतं."

काल बोललो. वीस मिनिटांचं लिहिलं होतं, जेमतेम पाच मिनिटं बोललो. पहिलं वाक्य गाळलं. नखांचं सांगितलं, मुलं हसली. पुढे दादाचं एक सांगायला गेलो आणि जमेना. मुलांना वाटलं म्हाताऱ्याला रडू आलं.

ते दवाखान्यातलं होतं. त्या दिवशी दादाने माझं मनगट धरलं होतं आणि तो तुमच्याकडे बघत होता. माझ्याकडे, परत तुमच्याकडे. मी समजलो, तो म्हणतोय, हिला सांभाळ. मी त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "दादा, काळजी करू नकोस. वहिनींना मी काही कमी पडू देणार नाही." त्याने मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं. पाच वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगत आलोय, की बघा, शेवटपर्यंत त्याला बायकोची काळजी.

आता तुमच्याविषयी. 'माफ केलं' असं लिहून बघितलं. खोडलं. बाईमाणूस सात महिन्यांची गरोदर, घरात पडलेली सासू, तुम्ही तरी काय करणार होतात, असंही लिहिलं. ते खरं आहे, तरी खोडलं. आईला उचलण्याचं मला कधी ओझं वाटलं नाही. पत्र हातात पडलं असतं तर कदाचित मीच बाईंना कळवलं असतं, आत्ता येता येत नाही, आई आजारी आहे, दोन-चार वर्षं थांबाल का? बहुतेक तेच लिहिलं असतं. पण ते मी लिहायला हवं होतं, वहिनी. तुम्ही माझ्यातर्फे 'नाही' म्हणालात, आणि मी सदतीस वर्षं समजत राहिलो की 'नाही' त्या म्हणाल्या.

माझ्याही पदरात थोडं घालून घेतो. बाईंच्या घरचा पत्ता मूळ पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेला होता. पोच आली नाही तर माणूस दुसरं पत्र लिहितो. मी लिहिलं नाही. फुगून बसलो. दुसरं पत्र गेलं असतं तर तुमच्या दोन ओळी तिथल्या तिथे खोट्या पडल्या असत्या. एका तिकिटाचं काम होतं.

बाईंच्या पत्राचे फोटो परवा दुपारी उघडले. चष्मा पुसला, दार लावून घेतलं, कपाटातून जुना शब्दकोश काढला. पहिली ओळ वाचली. वहिनी, मला ती कळली नाही. वाटलं अक्षर पुसट आहे, म्हणून मोठं करून बघितलं. अक्षर स्वच्छ होतं. संध्याकाळपर्यंत बसलो. पाच पानांत मिळून 'खोली', 'पाणी', 'तुम्ही' असे पंचवीस-तीस शब्द ओळखीचे निघाले, आणि शेवटी माझं नाव. बाकी सगळं गेलं. वापरलीच नाही ती भाषा इतकी वर्षं, रागाने. माझ्याच नावाने आलेलं पत्र समोर आहे आणि मला ते वाचता येत नाही.

ती मूळ भाषेतली प्रत आणा. पण आता तिचं मी काय करणार, ठाऊक नाही.

तर आता असं करा. निघायला अजून चार दिवस आहेत. दुकानवाल्या बाईंना विनंती करा, त्यांनी ते पत्र पोरीला इंग्रजीत सांगावं आणि पोरीने ओळ न ओळ मराठीत उतरवावं. काही गाळू नका, मला वाईट वाटेल म्हणून तर नकोच. पोरीला सांगा, तिच्या जन्माचा याच्याशी काडीचा संबंध नाही. ती झाली त्या दिवशी मी शाळेला दांडी मारली होती, बत्तीस वर्षांतली एकुलती एक. तिच्याशी मी बोलेनच.

आल्यावर दुपारची झोप झाली की माझ्याकडे या, एकट्या या. मराठीतलं पत्र आणा आणि मला वाचून दाखवा. पोरगी वाचेल तर तिचा आवाज भरून येईल, आणि तिचं काही देणं नाही. ते माझ्या हातात पडायचं होतं तुमच्या हातून, तसंच पडू दे.

वाचताना थांबू नका. आणि थोडं मोठ्याने वाचा, डाव्या कानाने मला हल्ली कमी ऐकू येतं.

तुमचा दीर